बँडिट : अंबाजोगाईत बसून सायबर सिक्युरिटी शिकताना खेळलेला एक मोफत खेळ

मागच्या दिवाळीपर्यंत मी अंबाजोगाईत एमएस-सीआयटी शिकवत होते. आता पुण्यात एका कंपनीत रात्रपाळी करते. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर कोण दार वाजवतंय, कोण खिडकी चाचपतंय, हे बघणं माझं काम. गावाकडून अजून फोन येतात, बहुतेक माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांचे. "मॅडम, मला पण सायबर सिक्युरिटीत यायचंय. कुठला क्लास लावू?" क्लासचं नाव मी कुणालाच सांगत नाही. म्हणते, आधी बँडिट खेळ, दहा लेव्हल झाल्या की परत फोन कर. फोनवर सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

बँडिट हा ओव्हरदवायर नावाच्या समूहाचा खेळ आहे. खेळ म्हणायचं, पण त्यात चित्र नाही, आवाज नाही, गुणांची पाटी नाही. काळी खिडकी आणि लुकलुकणारा कर्सर, बस्स. त्यांचा एक लिनक्स सर्व्हर आहे (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) आणि आपण आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनवर कमांड देऊन काम करायची सोय, वापरून त्यात शिरायचं असतं. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, २२२०. पहिल्या लेव्हलचं युजरनेम बँडिट० आणि पासवर्डही तोच. दोन्ही त्यांच्या पानावर उघड लिहिलेलं आहे. आत गेलं की पुढच्या लेव्हलचा पासवर्ड कुठे तरी दडवलेला असतो. तो शोधायचा, बाहेर पडायचं आणि तो पासवर्ड टाकून पुढच्या लेव्हलला शिरायचं. सध्या अशा ० ते ३३ लेव्हल आहेत. पैसे लागत नाहीत. नोंदणी नाही, ओटीपी नाही, मोबाईल नंबर मागत नाहीत. नंबर मागत नाहीत म्हणजे नंतर "मॅडम, सीट बुक करायची का?" असे फोनही येत नाहीत.

असे फोन मी भरपूर घेतले आहेत. त्यातल्याच एकाला भुलून मी ४५ हजार रुपये भरले होते. आईची भिशी लागली होती, ३० तिचे आणि १५ माझे साठवलेले. केंद्रात मला महिन्याला ९ हजार मिळायचे, त्यावरून काय ते समजा. सहा महिन्यांचा ऑनलाइन क्लास, "शंभर टक्के प्लेसमेंट". सर स्क्रीनवर एकामागून एक टूल उघडायचे, कमांड टाकायचे आणि आम्ही ती जशीच्या तशी उतरवून घ्यायचो. माझ्या स्क्रीनवर वेगळं काही आलं तर "रेकॉर्डिंग बघा" एवढंच उत्तर. सहा महिन्यांनी माझ्याकडे शंभरेक टूलची नावं होती, एक रंगीत सर्टिफिकेट होतं आणि लिनक्सवरची एक साधी फाईल स्वतःच्या हिमतीवर शोधता येत नव्हती. प्लेसमेंटचा फोन आला तो कॉल सेंटरच्या कामाचा. आई एका शब्दाने बोलली नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस घरात पैशाचा विषय निघाला की मी उठून आत जायचे.

बँडिटबद्दल मला एका अनोळखी मुलाच्या कॉमेंटमधून कळलं. त्याने लिहिलं होतं, "टूल नंतर शिक, आधी मशीनशी बोलायला शिक." त्याच रात्री बसले.

लॅपटॉप जुना, लातूरहून १४ हजारांत घेतलेला, ४ जीबी रॅमचा. त्यावर काली लिनक्स (हॅकिंगची टूल भरलेलं लिनक्स) टाकायची का, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) झेपेल का, या काळजीत मी आधी दोन महिने घालवले होते. बँडिटला त्यातलं काहीच लागत नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच सोबतच येतं, कमांड प्रॉम्प्ट उघडायचा की झालं. सगळं काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, आपला लॅपटॉप फक्त अक्षरं दाखवतो. इकडून तिकडे जातात तीही फक्त अक्षरं, त्यामुळे दिवसाच्या दीड जीबी डेटातला किती गेला हे कळायचंसुद्धा नाही. तासभर व्हिडिओ पाहिला की संपणारा डेटा इथे आठवडाभर पुरावा असा हिशोब. घरात वायफाय नसणाऱ्या मुलाला ही गोष्ट किती मोठी आहे हे ज्याने नेट पॅक संपायची वाट बघत अभ्यास केलाय त्यालाच कळेल. पुढे पुढे मी मोबाईलवर टर्मक्स, म्हणजे लिनक्ससारख्या कमांड देता येणारं अ‍ॅप, टाकून लातूरच्या एसटीतही खेळले. बर्दापूर फाट्याच्या आसपास रेंज गेली की सेशन तुटायचं, आली की परत शिरायचं.

पहिल्याच पायरीवर मी अडकले ते पासवर्ड टाकताना. टाईप करतेय, पण स्क्रीनवर काहीच उमटत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही, कर्सरही जागचा हलत नाही. विंडोजवर काळे ठिपके बघायची सवय. कीबोर्ड बिघडला म्हणून मी तो उलटा करून झटकला, परत टाकलं, परत काही नाही. शेवटी न दिसता टाकून एंटर दाबलं आणि आत गेले. एसएसएचमध्ये पासवर्ड किती अक्षरी आहे हेसुद्धा शेजारच्याला कळू नये म्हणून काहीच दाखवत नाहीत. हे मला नंतर वाचून कळलं, पण त्या क्षणी अंगावर काटा आला होता. जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या एका मशीनच्या आत मी उभी होते आणि ते मशीन माझ्याच कमांडची वाट बघत होतं.

पहिल्या काही लेव्हल अगदी साध्या वाटतात. फाईल वाचा. मग फाईलचं नावच एक आडवी रेघ असते आणि वाचायची कमांड ती फाईल आहे असं मानायलाच तयार होत नाही. मग नावात मोकळ्या जागा असतात. मग फाईल लपलेली असते. मग सांगतात की अमुक मालकाची, तमुक ग्रुपची, ३३ बाइटची फाईल या अख्ख्या सर्व्हरवर कुठे तरी आहे, शोधा. प्रत्येक लेव्हलच्या पानावर उद्दिष्ट दोन-तीन ओळींत असतं आणि खाली उपयोगी पडतील अशा कमांडची नुसती नावं. कशा वापरायच्या ते सांगत नाहीत. ते आपण मॅन नावाची कमांड देऊन त्या-त्या कमांडचं माहितीपुस्तक उघडून वाचायचं.

इथेच बरीच मुलं सोडतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे शिकणं म्हणजे सरांनी फळ्यावर सोडवून दाखवायचं आणि आपण वहीत उतरवायचं. लातूर पॅटर्नने आम्हाला सराव शिकवला, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही, पण त्या सरावात प्रश्न ओळखीचा असतो. बँडिटमध्ये प्रश्न ओळखीचा नसतो आणि सोडवून दाखवणारं कुणी नसतं. त्यात मॅनचं इंग्रजी रुक्ष. मी मराठी माध्यमातली, पहिले आठ-दहा दिवस एकेक पान तीन तीनदा वाचलं. मग एक दोनशेपानी वही केली. पुढून प्रत्येक कमांड मराठीत, माझ्या शब्दांत, काय करते, कुठे फसवते. मागून उलट्या बाजूने पासवर्ड. पासवर्ड लिहून ठेवावेच लागतात, कारण खेळ तुमची प्रगती साठवत नाही. तुम्ही कितव्या लेव्हलला आहात हे फक्त तुमच्या वहीला माहीत. आणि ते पासवर्ड अधूनमधून बदलतातही.

एक लेव्हल सांगते. कितवी ते सांगत नाही, कारण सर्व्हरवर शिरलं की त्यांचीच विनंती दिसते, पासवर्ड आणि उत्तरं उघड करू नका. फाईलमध्ये ढीगभर ओळी, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या, अर्थ नसलेल्या अक्षरांच्या. त्यातली एकच ओळ फक्त एकदा आलेली, बाकी सगळ्या पुन्हा पुन्हा. ती एक शोधायची. पानावर युनिक नावाची कमांड दिलेली होती, नावावरून वाटलं हीच. दिली, तर स्क्रीन खाली सरकतच राहिली. जवळजवळ अख्खी फाईल परत आली. तासभर तेच. अण्णा पाणी प्यायला उठले.

"काय करायलीस गं एवढ्या राती?"

अण्णा मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. सोयाबीनचा हंगाम होता, तेही उशिराच आले होते. मी त्यांना वहीवर चार ओळी लिहून दाखवल्या आणि काय अडलंय ते सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आम्ही दिवसभराच्या पट्ट्या तपासतो ना, एकाच शेतकऱ्याची पट्टी दोनदा फाटली का म्हणून, तवा कामून आधी नावानं लावून घेतो? सारखी नावं एकाखाली एक आली की डोळ्याला दिसतंय. इखरलेल्या गठ्ठ्यात कुणाला दिसणार?"

मी मॅनचं पान परत उघडलं. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं की ही कमांड फक्त लागून असलेल्या ओळींचीच तुलना करते. मी ते वाक्य तासाभरात चार वेळा वाचलं होतं, पण शब्द नुसते डोळ्यांखालून गेले होते. अण्णांनी पट्ट्यांच्या, म्हणजे शेतमाल विक्रीच्या पावत्यांच्या, भाषेत सांगितलं तेव्हा ते कळलं. दोन कमांड एकीचं पाणी दुसरीत सोडावं तशा जोडल्या आणि एकच ओळ स्क्रीनवर राहिली. अण्णा झोपायला गेले होते, मी जाऊन उठवून दाखवली. ही लेव्हल मला पुढे एका मुलाखतीत परत भेटणार आहे, ते खाली येईल.

दुसरी मला दोन संध्याकाळ लागलेली लेव्हल म्हणजे बारावी. हिच्या पानावर त्यांनीच सांगितलंय की फाईल पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस केलेली आहे आणि वरून तिचा हेक्सडंप केलाय, म्हणजे तिचे बाइट आकडे-अक्षरांत लिहून काढलेत. म्हणजे डब्यात डबा, त्यात डबा, आणि प्रत्येक डब्याचं झाकण वेगळ्या पद्धतीचं. नावावरून कळत नाही आत काय आहे. दर वेळी फाईल नावाच्याच कमांडने तिला विचारायचं, बाई तू आहेस तरी कोण? ती कमांड नावाकडे बघत नाही, फाईलच्या सुरुवातीचे बाइट वाचून सांगते. मग त्या प्रकाराला लागणारं एक्स्टेन्शन द्यायचं, उघडायचं, परत विचारायचं. सातव्या-आठव्या वेळी मला वाटलं मी गोल फिरतेय. वहीत प्रत्येक डब्याची नोंद केली तेव्हा पुढे सरकतेय याची खात्री झाली.

या लेव्हलचा उपयोग मला सगळ्यात आधी गल्लीतच झाला. लग्नसराईत शेजारच्या काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाईल आली. काका मोबाईल घेऊन माझ्याकडे आले, "ही पत्रिका उघडंना." नाव पत्रिकेचं, पण शेवटी एपीके. म्हणजे ती पत्रिका नव्हती, मोबाईलमध्ये इन्स्टॉल होणारं अ‍ॅप होतं. असल्या अ‍ॅपला एकदा एसएमएस वाचायची परवानगी दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोरट्याकडे जातात. पीएम किसानच्या नावानेही अशाच फाईली फिरतात. काकांना मी बारावी लेव्हलच सांगितली, माझ्या शब्दांत: फाईलच्या नावावर जायचं नाही, आत काय आहे ते बघायचं. आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा, हे त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिलं.

चोविसाव्या लेव्हलला एक प्रोग्रॅम चार आकडी पिन विचारतो. पिन माहीत नाही. सगळ्या टाकून बघायच्या, ०००० पासून ९९९९ पर्यंत, १० हजार. हाताने करायचं तर दिवस जातील. इथे पहिल्यांदा मी स्वतः लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा प्रोग्रॅम, लिहिला, पाच-सहा ओळींचा, आणि काही वेळातच उत्तर आलं. तीन वेळा पिन चुकला की एटीएम कार्ड का अडवतात, हे मी केंद्रात मुलांना वर्षानुवर्षं एक वाक्य म्हणून सांगत होते. त्या रात्री मला ते पहिल्यांदा पटलं.

हिच्या आधी सेटयूआयडी येऊन गेलेलं असतं, म्हणजे चालवणाऱ्याच्या नाही तर फाईलच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम. मग क्रॉन, ठरावीक वेळेला आपोआप चालणारी कामं. चोविसाव्याच्या पुढे गिटच्या लेव्हल येतात (गिट म्हणजे फाईलींतल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं टूल), ज्यातून कळतं की आज पुसलेली गोष्ट जुन्या नोंदींत जिवंत राहते. इथपर्यंत यायला मला पावणेतीन महिने लागले, रोज रात्री दीड-दोन तास, लाईट असेल तेव्हा. कुणी आठ दिवसांत संपवलं असं सांगतं, त्याकडे लक्ष देऊ नका. यूट्यूबवर उत्तरं आहेत आणि ती बघून आठ दिवसांत नक्की संपतं. हातात मात्र काही राहत नाही. माझा नियम असा होता: दोन संध्याकाळ स्वतः, मग फक्त कमांडचं उदाहरण शोधायचं, लेव्हलचं उत्तर नाही. तीनदा मी हा नियम मोडला. त्या तिन्ही लेव्हल मला आजही नीट आठवत नाहीत, बाकीच्या आठवतात.

आता यात काय नाही तेही सांगायला पाहिजे, कारण बँडिट संपवून थेट अर्ज करणारी मुलंही मला भेटली.

बँडिट लिनक्सशी हात मिळवून देतं, सायबर सिक्युरिटीचा मोठा भाग त्याच्या बाहेर आहे. नेटवर्क यात जेमतेम स्पर्श करण्यापुरतं आहे, थोडं पोर्टशी बोलणं, थोडं स्कॅनिंग. विंडोज अजिबात नाही आणि नोकरीत अर्ध्याहून जास्त वेळ मी विंडोजच्याच नोंदी वाचते. वेबसाइट कशा फुटतात ते नाही. सर्टिफिकेट मिळत नाही, त्यामुळे बायोडेटावर "बँडिट पूर्ण" लिहून एचआरला काही कळत नाही.

नेटवर्कसाठी मी प्रोफेसर मेसर यांचे मोफत व्हिडिओ पाहिले, ते कॉम्पटिया या संस्थेच्या आयटी सर्टिफिकेट परीक्षांच्या अभ्यासक्रमावर आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापक इंद्रनील सेनगुप्ता यांचा एथिकल हॅकिंगचा १२ आठवड्यांचा कोर्स आहे. त्याची सुरुवातीची नेटवर्कची व्याख्यानं मला फार उपयोगी पडली, सावकाश आणि फळ्यावर शिकवल्यासारखी आहेत. बघायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची असेल तर फी भरावी लागते.

वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी. बर्प सूट नावाचं, वेबसाइटची सुरक्षा तपासायचं टूल बनवणारी हीच कंपनी. अकॅडमी २०१९ पासून आहे, मोफत आहे, दोनशेहून जास्त लॅब आहेत. तिथे आधी मजकूर, मग लगेच त्याच चुकीची खरी वाटणारी वेबसाइट, ती फोडून बघायची. बँडिटपेक्षा इथे समजावून सांगतात आणि अडलात तर उत्तरही दिलेलं असतं, त्यामुळे स्वतःवर ताबा जास्त ठेवावा लागतो. माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपला ब्राउझर आणि बर्प एकत्र झेपत नव्हतं, केंद्रातल्या ८ जीबीच्या मशीनवर सुट्टीच्या दिवशी बसायचे. सगळ्या लॅब करायच्या मागे लागू नका. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरवर असलेली चूक म्हणजे ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, तिच्या लॅब आधी करा. साधी गोष्ट आहे. समजा आडतीची पट्टी ऑनलाइन दिसते आणि पत्त्यात पट्टीचा नंबर आहे. तो एकाने वाढवला की शेजारच्या शेतकऱ्याची पट्टी दिसते. नंबर मागणारा माणूस त्या पट्टीचा मालक आहे का, हे सर्व्हरने विचारलंच नाही. एवढीच चूक, आणि यादीत पहिली.

घरची प्रयोगशाळा मात्र करा, आणि तिला खर्च नाही. मी लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबंटू हे लिनक्स टाकलं, एसएसएच सर्व्हर चालू केला आणि भावाच्या मोबाईलवरच्या टर्मक्समधून मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकले. इकडे लॅपटॉपवर ऑथ.लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाईल उघडी ठेवली होती. मोबाईलवर एंटर दाबलं की इकडे ओळ उमटायची: तारीख, वेळ, "फेल्ड पासवर्ड", कुठलं युजरनेम, कुठल्या आयपीवरून (नेटवर्कवरचा पत्ता), कुठल्या पोर्टवरून. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे घरातलाच. भाऊ पलंगावर, मी टेबलावर. मग बरोबर पासवर्ड टाकला की "अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड". ती एक ओळ बाकीच्या शंभर ओळींपेक्षा महत्त्वाची असते, हे मला तिथे समजलं.

आता ती मुलाखत. संध्याकाळची वेळ, व्हिडिओ कॉल, मी केंद्र बंद झाल्यावर तिथेच बसले होते. पहिली वीस मिनिटं प्रश्न: पोर्ट ५३ वर काय चालतं, टीसीपीमध्ये हस्तांदोलन कसं होतं, फिशिंगचा मेल आला तर पहिलं काय बघाल. मग त्यांनी एक लॉग फाईल, म्हणजे अशाच नोंदींची फाईल, पाठवली, हजारो ओळींची. विचारलं, "सगळ्यात जास्त चुकीचे प्रयत्न कुठल्या आयपीवरून झाले?" कुठलंही टूल वापरा म्हणाले.

मी क्लासमधलं एकही टूल आठवलं नाही. मला अण्णांच्या पट्ट्या आठवल्या. चुकलेल्या प्रयत्नांच्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढल्या, त्यातून आयपीचा रकाना कापला, सॉर्टने लावून घेतला, युनिकला मोजायला सांगितलं आणि आकड्यानुसार उलट्या क्रमाने परत लावलं. एका ओळीत पाच कमांड. वर एक आयपी आला, बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे. समोरचे सर काही बोलायच्या आत मी त्याच आयपीसाठी "अ‍ॅक्सेप्टेड" शोधलं. पहाटे तीन वाजून काही मिनिटांनी एकदा होतं. मी म्हटलं, "सर, हा आत शिरलाय. आता नुसता आयपी ब्लॉक करून भागणार नाही. हे खातं बंद करून त्यानंतर त्याने काय केलं ते बघावं लागेल." सर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे कुठे शिकलात?" मी खरं ते सांगितलं.

नोकरी एसओसीमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या केंद्रात, पहिल्या पातळीची आहे, वर्षाला ३ लाख २० हजार. पुण्यात राहून यातलं फार उरत नाही, हेही मुलांना माहीत असू द्या. काम बरंचसं वाचनाचं. इशारा येतो, तो खरा की खोटा ते ठरवायचं, नोंद करायची, खरा असेल तर वरच्यांना उठवायचं. विंडोजच्या नोंदींत ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४६२४ म्हणजे झालं, हे आता झोपेतही आठवतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागतात. त्यामुळे रात्री तीनला डोळा लागलेला असून चालत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते, विशेषतः मुलग्यांना. केंद्रात मला महिन्यातून दोनदा तरी कुणी तरी विचारायचं, "मॅडम, अमकीचं इन्स्टा काढून देता का?" ज्या मशीनवर तुम्हाला मालकाने परवानगी दिलेली नाही तिथे बेइमानीने किंवा फसवणुकीच्या इराद्याने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजची साइट "नुसती तपासून बघितली" म्हणून सुटका होईलच असं धरून चालू नका. ज्याला हे काम पोटापाण्याला करायचंय त्याच्या नावावर एक तक्रार पडली तर कुठली कंपनी दारात उभं करणार? बँडिट, पोर्टस्विगरच्या लॅब, कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ, या जागा फोडण्यासाठीच बांधलेल्या आहेत. हात शिवशिवत असतील तर तिथे जा.

कुणी खेळावं? दहावी-बारावी झालेल्या, इंग्रजी वाचायला कंटाळा न करणाऱ्या कुणीही. बीसीए, बीएस्सी, आयटीआय, काही अट नाही. ज्याला आठवडाभरात बायोडेटावर लिहायला काही तरी हवंय त्याने वेळ घालवू नये. ज्याच्याकडे मोठी फी भरायचे पैसे तयार आहेत त्याने ते महिनाभर तसेच ठेवून आधी पंधराव्या लेव्हलपर्यंत जाऊन यावं. तोवर या कामाची आपल्याला गोडी आहे की नुसतं सिनेमातल्या हॅकरचं आकर्षण आहे, हे स्वतःलाच कळतं. ते कळायला माझ्या घरचे ४५ हजार गेले.

दिवाळीत गावी गेले तेव्हा केंद्रातली एक विद्यार्थिनी भेटायला आली. घाटनांदूरहून रोज येते, मोबाईलवरच खेळते, बारावी लेव्हलवर तीन दिवस अडकली होती. उत्तर सांगा म्हणाली. मी म्हटलं, तुझी फाईल आता कुठल्या डब्यात आहे ते लिहिलंयस का? लिहिलं नव्हतं. मी आत जाऊन माझी दोनशेपानी वही आणली, मागच्या बाजूची पासवर्डची पानं फाडून घेतली आणि वही तिला दिली.